मनुका

फाईलमध्ये लिहिलं होतं :
प्रत्येक मुलाच्या तळहातावर एक मनुका ठेवा.
दहा मिनिटं. घाई नको.
जणू हे फळ त्यांनी आजवर पाहिलेलंच नाही.

सोमवार, पहिला तास, आठवी ब.
बाहेर खाणीच्या ढिगाऱ्यांवर धुकं बैठक मारून.
उत्तर वेल्समधलं आमचं हे गाव
डोंगर पोखरून काढलेल्या काळ्या दगडाचं :
छपरांवर पाट्या, कुंपणाला पाट्या,
थडग्यांवरही पाट्याच,
आणि त्यांवर तीच चार आडनावं, आलटून पालटून.
कोरी पाटी इथे कुणाचीच नसते.

मी मनुका वाटल्या. सव्वीस.
ओसियनने नाकपुडीत बसते का ते पाहिलं.
लुनेद म्हणाली, मिस, हिची तारीख उलटून गेली नाही ना?
हळू, मी म्हणाले. नुसतं बघा.
आणि मी स्वतः बघत होते
टेबलावर उपडा ठेवलेला फोन.
बँगोरच्या हॉस्पिटलातून
आईचा रिपोर्ट नऊनंतर कळणार होता.
नऊ वाजून सात झाले होते.

या क्षणात राहा, मी वाचून दाखवत होते,
आवाज मधात बुडवलेला,
आणि मन तिकडे, लिफ्टबाहेरच्या खुर्चीत,
कोट न काढता बसलेलं.

आता जिभेवर ठेवा. चावू नका.
वर्गभर तोंडं मिटली.
पंचवीस.
गेथिनची मूठ मिटलेली.

हा तोच गेथिन,
ज्याचा पाय बाकाखाली शिवणयंत्रासारखा चालतो,
ज्याच्या प्रगतिपुस्तकात तीन शिक्षकांनी तीन शायांनी
एकच वाक्य लिहिलंय : लक्ष नसतं.

खाल्ली नाहीस?
नंतर, मिस.
'नंतर'ला फाईलमध्ये जागा नव्हती.
'सहभाग नाही' या चौकटीत मी खूण केली.

मंगळवारी फाटकापाशी थांबला होता,
दप्तर एका खांद्यावर.
माबलीला दिली, म्हणाला. बहीण. चार वर्षांची.
तुमचं सगळं सांगितलं तिला,
बघ, हुंग, कानाशी धर.
ती म्हणाली, हा तर म्हातारबाबाचा कान!
याला ऐकू येतं का?
मग आम्ही बोललो त्याच्याशी,
अगदी हळू,
आई रात्रपाळी करून झोपली होती ना.

किती वेळ?
काय माहीत. बीन्स करपले.

मी हसले.
मग त्याच्या अंगठ्यावरचा फोड दिसला, पातेल्याच्या कडेचा,
आणि डाव्या भुवईतली जुनी खोक,
जी अकरा आठवडे तिथेच होती,
माझ्यापासून दोन हातांवर.

माझे आजोबा खाणीत पाट्या फोडायचे.
छिन्नी लावण्याआधी दगडावर टिचकी मारून
कान देऊन बसायचे.
कुठून उघडायचं ते तोच सांगतो, म्हणायचे.
घरी मात्र कुणाचं म्हणून ऐकत नसत.
आजी हे दोन्ही एकाच दमात सांगायची.

आईचा रिपोर्ट आला. त्याबद्दल इथे नको.

पुढच्या सोमवारी फाईलमध्ये घंटा होती :
नाद विरेपर्यंत ऐका, मग हात वर करा.
मी घंटा वाजवली.
त्याआधी गेथिनच्या बाकावर दोन मनुका ठेवल्या,
काही न बोलता.
एक त्याने लगेच तोंडात टाकली, कचकन चावली.
दुसरी खिशात.

घंटेचा नाद संपला, हात वर गेले,
माझा राहिला.
बाकाखाली पाय चालूच होता,
टक टक, टक टक,
मध्येच एक ठोका चुकायचा,
मग पुन्हा
टक टक.